सोनपाटावरची शिवरात्र

ते लाकूड जरा आत सरकव रे. एवढं नाही, धूर होईल. हां, बस. पुंजण्याकडं ठिणगी जाऊ देऊ नका, वर्षाचं धान आहे ते. झोप तर आज कोणाला यायची नाही, आणि खळ्यावर जागायचं म्हणजे तोंड चालू पाहिजे.

मघा घनश्याम विचारत होता, "कृष्णरावकाका, तुमचा जवाई जंगल खात्यात पक्क्या नोकरीवर होता, तं मंग सोडून लाखनीत किराण्याचं दुकान कायले टाकलं?" गावात लोक काय काय बोलतात ते मला ठाऊक आहे. कोणी म्हणते पैसे खाल्ले, कोणी म्हणते साहेबाशी भांडला. तसं काही नाही. ऐका.

जागेश्वर म्हणजे आमच्या कुंताचा नवरा. कुंता माझ्या सख्ख्या बहिणीची पोरगी. या गोष्टीतलं अर्धं मला त्यानं सांगितलं, अर्धं तिनं, आणि दोघांचं कुठं वाकडं पडलं नाही. मी माझ्या पदरचं काही घालत नाही.

पोरगा भंडाऱ्याचा. बाप पितळी भांडी ठोकायचा, दिवसभर कानाशी ठणठण. त्या आवाजाला कंटाळून की काय, पोराला लहानपणापासून रानाचं वेड. फॉरेस्ट गार्डची नोकरी लागली तेव्हा सोयऱ्याधायऱ्यांत त्याच्याइतकं खूश कोणी नव्हतं. आणि मग अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्याची बदली झाली साकोलीच्या पुढं, जंगलाच्या पार पोटात. दहा-पंधरा घरांची वस्ती, वस्तीच्या टोकाला खात्याचं कौलारू क्वार्टर, आणि क्वार्टरच्या मागं सरळ उभा डोंगर. त्या डोंगराच्या माथ्याला सोनपाट म्हणत.

मोठ्या साहेबाला उन्हाळ्याच्या आधी हवं होतं, की कोणत्या पाण्यावर कोणतं जनावर येते. त्यानं जागेश्वरला सांगितलं, "वर जात जा, फिर, काय दिसते ते मला येऊन सांग." बस, एवढंच काम. दुसरा कोणी असता तर चहाच्या टपरीवर बसून सांगितलं असतं. हा मात्र खरंच जाऊ लागला.

सोबतीला मंगरू. खात्याचा जुना रोजंदारीवाला. पन्नाशीचा, सुकलेल्या बांबूसारखा, डोक्याला गुंडाळलेला टापसा, खांद्यावर कुऱ्हाड. बोलणं कमी. बिडी मागायची तेवढी न चुकता मागायचा.

पहिल्यांदा वर चढला तो दिवस जागेश्वर पुढं कधी विसरला नाही. खाली सागाचा पाला पायाखाली कडाकडा मोडत होता, मग बांबूची दाटी, वाकून वाकून चालायचं, अंगावर कुसळं, तोंडात धूळ. आणि एकदम रान संपलं. वर आभाळ उघडलं. समोर नजर पुरणार नाही एवढं सपाट गवत, कमरेइतकं उंच, पिकलेल्या धानाच्या रंगाचं. वारा आला की सगळा पाट एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. मधूनच काळे खडक, एखादं वाऱ्यानं वाकवलेलं भेऱ्याचं झाड, आणि मधोमध एक बोडी, लहानसं तळंच. तिच्या काठचा चिखल जनावरांच्या खुरांनी असा तुडवलेला, की बाजार उठल्यावरची जागा.

चंडोल सरळ वर चढायचा, गाणं संपेपर्यंत खाली यायचं नावच नाही. भुरकट घारी गवताच्या शेंड्यांना पोट घासत तरंगायच्या. अस्वलानं उकरलेली वारुळं. सायाळीचे काटे. रोह्यांचा, नीलगाईंचा म्हणा, कळप लांबून माना वर करून पाहायचा आणि ठुमकत निघून जायचा. एका सकाळी धुक्यातून गवे निघाले. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, डोंगराएवढी पाठ. जागेश्वर गवतात बसकण मारून श्वास धरून पाहत राहिला. घरी येऊन कुंताला म्हणाला, "देवानं मले जागा बराबर दिली."

पण थोड्याच दिवसांत त्याच्या मनात एक खडा घुसला.

ऊन तिरपं झालं, की मंगरू अस्वस्थ व्हायचा. "चला साहेब, उतरू." अजून हातभर दिवस असायचा. "थांब ना, सांबर आता निंघन." "नाही साहेब. उतरू." आणि पाटाची पश्चिमेकडची बाजू तो काही केल्या दाखवायचा नाही. "तिकडं काय आहे?" "काई नाही. कडा आहे." "कडाच पाहू." "पाय दुखून राह्यला साहेब, मंग कधी." मंग कधी ते कधी उजाडलं नाही.

एकदा गवतात अनवाणी पायांची ताजी वाट दिसली. सरळ खाली घळीकडं गेलेली. जागेश्वरनं विचारलं, तर मंगरू तिकडं न पाहताच म्हणाला, "बकऱ्यावाला असन." त्या वस्तीत बकऱ्या होत्या कोणाकडं? शोधून एक मिळाली नसती.

आणि मग माघात तो गवा सापडला. बोडीच्या पलीकडं, मेलेला. मानेला गोळीचं भोक. शिंगांसकट डोकं कापून नेलेलं. याच्या आधीचा गार्ड अशाच प्रकरणात घरी बसला होता, हे त्याला माहीत होतं. त्यानं मंगरूकडं पाहिलं. मंगरू बोलला नाही, हळहळला नाही, चमकलासुद्धा नाही. वाकून गवत तोडलं आणि त्या धडावर टाकलं. झाकलं म्हणा ना.

त्या दिवसापासून जागेश्वरनं मंगरूवर डोळा ठेवला. तो पाणी प्यायला गेला तरी हा वळून पाहायचा. कुऱ्हाडीच्या दांड्याला रक्त आहे का, धोतराला दारूगोळ्याचा वास येते का. कुंता म्हणायची, "अजी, म्हातारा माणूस आहे, कायले त्याच्या मागं लागता?" तर हा म्हणायचा, "तुले मालूम नाही. त्याच्या पोटात काहीतरी आहे."

शिवरात्र आली. एकोणऐंशी सालची महाशिवरात्र. आपल्याकडं प्रतापगडच्या महादेवाची यात्रा केवढी भरते ते तुम्हाला काय सांगायचं! वस्तीतल्या गाड्या जुंपल्या, बायकांनी शिदोऱ्या बांधल्या. कुंताही निघाली. आणि आदल्या संध्याकाळी मंगरू क्वार्टरच्या आवारात येऊन उभा राहिला.

"साहेब, तुमीही चला यात्रेले."

"मी कायले? मले ड्युटी आहे."

मंगरू टापसा सोडून पुन्हा बांधत राहिला. मग म्हणाला, "मंग घरीच राहा. शिवरातीले पाटावर जाऊ नोका."

"काहून?"

"नोका जाऊ, बस."

"काहून ते सांगशील की नाही?"

"सांगतलं ना साहेब, नोका जाऊ." आणि गेला.

आता तुम्हीच सांगा पोरंहो, जागेश्वरच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? सगळी वस्ती यात्रेला. रान मोकळं. आणि जो माणूस मेलेला गवा झाकतो, तोच म्हणतो, उद्या रात्री वर येऊ नका. जागेश्वर मनात म्हणाला, सापडला.

दुसऱ्या दिवशी गाड्या गेल्या. कुंता गेली. मंगरू गाडी हाकत गेला, हे जागेश्वरनं दारात उभं राहून पाहिलं, तरी त्याचा विश्वास बसला नाही. पुढच्या वळणावर उतरून माघारी यायला काय लागते? यानं काठी घेतली, तीन सेलची बॅटरी घेतली, घोंगडी घेतली, आणि दुपार कलताना डोंगर चढू लागला.

बोडीच्या वर एक खडक होता, त्याच्या पोटात बसला. वारा तोंडावर, म्हणजे त्याचा वास जनावरांकडं जायचा नाही. सूर्य बुडाला. आधी मोर आले पाण्यावर, मग रोही, मग चितळं. चितळांची केवढी रांग! पिल्लं मध्ये, माद्या कडेला. पाणी पिताना त्यांच्या जिभांचा चुपचुप आवाज त्याला खडकापर्यंत ऐकू येत होता. घटकाभर तो कशाला आलाय तेच विसरला.

अंधार पडला. शिवरात्रीचा अंधार कसा असते, तुम्ही पाहिलाच आहे. चंद्र नाही. चांदण्या मात्र हाताला लागतील एवढ्या. कुठं तरी रातवा पक्षी बोलत होता, चक-चक-चक-चक, कोणी लाकडावर टिचक्या मारल्यासारखा. रातकिडे होते. दूर खाली रानात सांबर एकदा ओरडलं, ढांक्! जागेश्वर कान देऊन बसला. गाडीचा आवाज येते का, माणसांची कुजबुज येते का.

मग रातवा थांबला.

रातकिडे थांबले.

वारा होता, गवत हलत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. जागेश्वरला वाटलं, कानात दडे बसले. बोट घालून पाहिलं. स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बाकी काही नाही.

बोडीवरच्या चितळांनी माना वर केल्या. सगळ्यांनी एकदम. आणि त्यांच्यामधून एक माणूस चालत आला.

चितळ कसं असते ते माहीत आहे ना? पान पडलं तरी उधळते. हा माणूस त्यांच्या अंगाला घासून आला म्हणा ना, आणि एकही हललं नाही. जागेश्वरच्या डोक्यात तेव्हा हे आलं नाही. त्याला दिसला डोक्याचा टापसा आणि खांद्यावरची कुऱ्हाड. त्याचं रक्त उसळलं. खडकावरून उडी मारून तो खाली आला.

"कोन आहे? थांब तिथंच!"

"मी आहो साहेब. मंगरू."

"तू तं यात्रेले गेलता."

"वापस आलो."

"काहून?"

"तुमाले दाखवाले."

"काय दाखवाले?"

"जनावरं," मंगरू म्हणाला. "गंज आहेत, मोजता नाही येनार एवढे. तिकडं."

तिकडं म्हणजे पश्चिमेला. कड्याकडं. इतके दिवस जिकडं पाय दुखत होता, तिकडं.

जागेश्वर मनात हसला. याचे साथीदार असतील तिकडं, बंदुका घेऊन. मला एकट्याला गाठून गप्प करायचा बेत असंल. पण तोही हट्टी. त्याला वाटलं, आज यांची तोंडं तर पाहून घेऊ, मग उद्या नावानिशी साहेबासमोर उभं करू. म्हणाला, "चाल. पुढं तू चाल. मांगं येऊ नको."

"मी पुढं चालतो," मंगरू म्हणाला.

निघाले. मंगरू पुढं, जागेश्वर काठीभर अंतर ठेवून मागं. बॅटरीचा झोत त्याच्या पाठीवर. एवढ्या वाळल्या गवतातून चालताना जागेश्वरच्या पायाखाली चर्रचर्र होत होतं. पुढच्याच्या पायाखाली काही होत नव्हतं. हा म्हातारा रानातला, पाय टाकायला शिकलेला, असं त्यानं मनाला सांगितलं.

थोडं गेल्यावर त्यानं खिशातून बिडी काढली. "घे."

"नाही साहेब."

मंगरूनं बिडीला नाही म्हणावं? जागेश्वरनं ती बिडी परत खिशात टाकली.

"किती दूर आहे?"

"किती दूर आहे," मंगरू म्हणाला. आणि मग जरा थांबून, "जवळच."

जागेश्वरनं झोत बाजूला फिरवला. गवतात डोळे चमकले. हिरवे. एक जोडी, दोन जोड्या... मग त्यानं झोत दुसऱ्या बाजूला नेला. तिकडंही. चितळं, सांबरं, रोही, गव्यांच्या काळ्या पाठी. दोन्ही बाजूंना उभी. मध्ये पायवाटेएवढी जागा मोकळी. कोणी चरत नव्हतं. कोणी कान हलवत नव्हतं.

सगळी जागेश्वरकडं पाहत होती. पुढच्याकडं कोणीच पाहत नव्हतं.

"मंगरू."

"हां साहेब."

"हे जनावरं पळून काहून नाही राह्यले?"

"कायले पळतीन?"

आवाज मंगरूचाच. पण शब्द जरा उशिरा येत होते. विहिरीत ओरडल्यावर येतात तसे.

जागेश्वरचा संशय काही सुटला नव्हता बरं का. तो फक्त दुसरीकडं वळू लागला होता. आणि संशयी माणूस असते ना, त्याला कोणाला पकडायचं झालं तर एक युक्ती येते. तो खोटंच विचारते. जागेश्वरनं आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"मंगरू, तुया भावाचा ताप उतरला का?"

मंगरूला भाऊ नव्हता. कधीच नव्हता. एकटा पोरगा होता तो आपल्या मायबापाचा.

पुढचा थांबला नाही. वळला नाही.

"उतरला साहेब," तो म्हणाला.

...

जागेश्वर उभा राहिला.

पायाखाली गवत संपल्यासारखं वाटलं. जळक्याचा वास आला. त्याला आठवलं, वणवा अडवायला कड्याच्या काठची गवताची पट्टी, जाळरेषा, परवाच जाळली होती, मंगरूनं आणि मजुरांनी. म्हणजे आपण काठावर आलो. पार काठावर. समोरून, खालून, गार वारा वर येत होता.

"या ना साहेब."

त्यानं बॅटरी वर केली. झोतात टापसा दिसला, कुऱ्हाड दिसली. माणूस उभा होता. पण तो जिथं उभा होता, तिथं झोतात जमीन नव्हती. झोत त्याच्या पायाखालून सरळ पुढं जात होता... अंधारात.

"या ना. गंज आहेत."

जागेश्वरच्या तोंडून आवाज निघेना.

मग समोरून, कड्याच्या बाहेरून, दुसरा आवाज आला.

"चाल. पुढं तू चाल. मांगं येऊ नको."

तो जागेश्वरचा आवाज होता. त्याचाच. तोच दरारा, तीच धाप.

तो वळला. मागं सगळी जनावरं उभी. वाट बंद झालेली. तो त्यांच्यात घुसला. अंगाला अंग लागलं. गरम. श्वास त्याच्या मानेवर. एकानंही बाजूला पाय घेतला नाही. गव्याच्या पोटाला खांदा घासून तो निघाला, शिंगाला अंगातली बंडी अडकली, फाटली, तरी ते जनावर दगडासारखं उभं. मग तो पळाला. बॅटरी कुठं पडली त्याला कळलं नाही. पडला, उठला, बांबूनं तोंड सोललं. क्वार्टरचं दार आतून लावलं. कडी घातली. पेटी ओढून दाराला लावली, आणि पेटीवर बसला.

सकाळी गाड्या आल्या. कुंतानं दार वाजवलं.

"अजी, उघडा. मी आली."

तिनं पुन्हा दार वाजवलं.

"अजी!"

"कोन आहे?"

"कोन म्हंजे? मी कुंता."

मग आतून, बसक्या आवाजात, "कुंता, आपल्या पोराचं नाव काय?"

त्यांना तेव्हा पोर कुठलं? लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि या एका गोष्टीवरून भंडाऱ्याला गेली की सासू तिला टोचायची. ती रडायला लागली. दारावर हात मारून म्हणाली, "आपल्याले पोर कुठं आहे जी? तुमीही आता मले हेच बोलून राह्यले का?"

तेव्हा कडी निघाली. नवऱ्याचं तोंड पाहून ती रडायचंही विसरली.

जागेश्वर तिला ओलांडून बाहेर आला, सरळ मंगरूच्या गाडीपाशी गेला आणि म्हाताऱ्याची गचांडी धरली. "रात्री कुठं होता? बोल! कुठं होता?" मंगरू बैल सोडत होता. त्याच्या हातातली जुवाची शिवळ तशीच राहिली. लोक धावले. कुंता मध्ये पडली. "सोडा त्यायले! रातभर माया समोर बसले होते. देवळाच्या पायरीवर. पहाटे गाडी हाकली त्यायनंच. मी काय खोटं सांगीन तुमाले?"

जागेश्वरनं गचांडी सोडली.

मग त्यानं सांगितलं. सगळं नाही, तुटक तुटक. मंगरू ऐकताना हळूहळू खाली बसला. घळीकडची वाट कोणाची, ते त्यानं स्वतःच कबूल केलं. मोहाची हातभट्टी होती त्याची पश्चिमेच्या कड्याखाली, घळीत, पोटासाठी; म्हणूनच ती बाजू तो दाखवायचा नाही. दिवस मावळला की त्याला तिकडं जायचं असायचं, म्हणून साहेबाला घाईनं खाली आणायचा. त्या गव्याशी त्याचा काही संबंध नव्हता, उघडं धड पाहवलं नाही म्हणून गवत टाकलं होतं. मारणारे पुढं उन्हाळ्यात सापडले, ते जीपगाडीवाले बाहेरगावचे निघाले.

"आनं शिवरातीचं?" जागेश्वरनं विचारलं. "ते काहून बोलला तू?"

"माया बापानं मले सांगतलं होतं, शिवरातीले वर जाचं नाही," मंगरू म्हणाला. "त्याले त्याच्या बापानं. काहून ते मले मालूम नाही साहेब. खरंच मालूम नाही." आणि मग त्यानं फक्त एक गोष्ट विचारली. "तुमी काठावर गेलते का?"

"काठापर्यंत गेलतो. तिथून मांगं फिरलो."

"पक्कं?"

"पक्कं म्हंजे? मी तुयासमोर उभा आहो ना!"

मंगरू उठला आणि बैल सोडू लागला.

दुपारी वर गेले. जागेश्वर, मंगरू आणि वस्तीतले दोघं जण. जागेश्वरलाच जायचं होतं. उन्हात, चार माणसांत, त्याला आता स्वतःची थोडी लाज वाटू लागली होती. उपाशी पोट, जागरण, अंधार, भास झाला असंल. नोकरी त्यानं महिन्याभरानं सोडली, पण त्या दुपारी डोंगर चढताना तसं काही त्याच्या मनात नव्हतं. पाटावर चंडोल गात होता. रोही लांब चरत होते, माणसं पाहून उधळले. बॅटरी गवतात सापडली, सेल उतरलेले.

पश्चिमेच्या काठाला आले. जाळरेषेची राख काळी, मऊ, पिठासारखी. रात्रीचा वारा तिला लागला नव्हता. सगळं छापल्यासारखं दिसत होतं.

जागेश्वरच्या बुटांचे ठसे राखेच्या आतल्या कडेपर्यंत आलेले. तिथं जमीन खरडलेली, टाचा खोल रुतलेल्या. तिथूनच तो वळला होता. माघारी जाणारे ठसे लांब लांब, पळणाऱ्याचे. पुढं चालणाऱ्याचे ठसे? ते नव्हते. अनवाण्या पायाचा एकही नाही. खूर नाही. एवढं पाहून तो थांबला.

"पाहा," जागेश्वर म्हणाला. त्याला जरा धीर आला. "हा मी आलो. हा मांगं फिरलो."

मंगरू राख तुडवत थोडा पुढं गेला होता. तो तिथंच थांबला. वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"साहेब," तो म्हणाला. "तुमचा डावा बूट दाखवा."

जागेश्वरनं पाय वर केला. डाव्या टाचेला लाखनीच्या चांभारानं टायरचा तुकडा ठोकून दिला होता, तिरपा, तीन खिळ्यांचा.

मंगरूनं खाली बोट दाखवलं.

राखेत ठसे होते. बुटांचे. डाव्या टाचेत तिरपा टायर, तीन खिळे. जिथून जागेश्वर वळला होता, तिथूनच सुरू झालेले, आणि सरळ पुढं गेलेले. पळणाऱ्याचे नव्हते. कुठं अडखळले नव्हते. सावकाश, एकसारख्या पावलांनी चालत जाणाऱ्या माणसाचे.

वस्तीतले दोघं मागं सरले. मंगरूनं त्या ठशांकडं पाहिलं. मग जागेश्वरच्या तोंडाकडं पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, नव्या माणसाला पाहावं तसं.

"साहेब," त्यानं हळूच विचारलं, "मंग रातच्यानं घरी... कोन आलं?"



जागेश्वर एकटाच त्या ठशांच्या कडेनं चालत गेला, पार काठापर्यंत. माघारी वळलेला एकही नव्हता. शेवटचा ठसा अर्धाच होता. कड्याच्या अगदी ओठावर, राखेत, फक्त टाच.

पुढचं पाऊल बाहेर होतं.